उडवी कुठे होती

शहापूर, १९ जानेवारी

भूमी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल की नाही, ठाऊक नाही. पत्ता तुझा नाही. पुस्तकाच्या मागे छापलेला आहे, नाशिकच्या संस्थेचा. फोन नंबर तू बदललास, म्हणून पोस्ट. पोस्टातला बाबू माझ्याकडे असा बघत होता की मी तारच करायला आलोय. म्हणाला, "नवसूशेठ, कोर्टाचं काम हाय का?" म्हटलं, "नाय बाबा, पोरीला पत्र हाय." तेव्हा तो आणखीच बघायला लागला.

इकडचं ठीक. दुकान चाललंय. पूर्वी मोटार रिवायंडिंगची एक टपरी होती, आता दोन गाळे झालेत. कान अजून शाबूत आहेत. तुझी आय ठीक. घरात गॅस आला तरी अंघोळीच्या बंबाला तिला लाकडंच लागतात. सकाळी बंबाखालची राख ओढते आणि तिच्यावर तांब्या ओतते. चर्र झालं की मी उठतो. माझा गजर तोच.

आता कामाचं लिहितो.

गेल्या आठवड्यात मुरबाडकडच्या एका गावात पंप दुरुस्तीला गेलो होतो. विहिरीला लागूनच अंगणवाडी. तुला माझी सवय माहीत आहे, मी मोटारीला आधी कान लावतो, मग हात. बेअरिंग सुकलंय की पाणी खाली गेलंय, ते आवाजच सांगतो. तर मी विहिरीच्या काठावर कान लावून बसलेलो, आणि कानात आलं ते भलतंच.

"मुलीनं काडी लावली. म्हणून?"

"राब पेटला!" सगळी पोरं एकदम.

"राब पेटला. म्हणून?"

"धूर झालाऽऽ!"

मी मोटार बंद केली.

सरिताताई म्हणून तिथल्या सेविका आहेत. बोलक्या. मी दारात उभा राहिलो तर म्हणाल्या, "या दादा, बसा. नवीन पुस्तक आलंय. कारण आणि परिणाम शिकवायचं. हे झालं म्हणून ते झालं. नुसतं सांगून पोरांना कळत नाय, चित्रातून पटकन कळतं." पुस्तकाचं नावच 'म्हणून'. पहिल्या पानाच्या तळाला तू शहरातल्या पोरांसाठी लिहिलंयस, की राब म्हणजे पेरणीआधी शेताच्या एका तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरून जाळतात आणि त्या भाजलेल्या मातीत भाताचं रोप करतात. त्या पोरांना ते सांगायची गरज नव्हती. त्यांच्या कपड्यांनाच राबाचा वास असतो.

नाव वाचायच्या आधीच मी ओळखलं. एका शिंगाची मोरी गाय. गोठ्यातल्या आढ्याला हिरव्या लुगड्याची झोळी, खाली ठिगळ. ते ठिगळ माझ्या आईने लावलेलं. मग मागे बघितलं. चित्रे आणि गोष्ट: भूमिका. आडनाव नाही, तेही बरोबरच.

शेवटच्या पानाबद्दल आज लिहीत नाही.

एक गंमत मात्र सांगतो. काजल नावाची एक पोरगी आहे, पाचेक वर्षांची, नाक सदा वाहतं. पेंढ्याची उडवी पेटते ते पान आलं तशी ती पुस्तकावर जवळजवळ बसलीच.

"ताय, धूर तर डोंगराकडं चाललाय. उडवी हिकडं हाय. मंग उडवी कशी पेटली?"

"ठिणगी उडाली आसंल गो."

"वाऱ्याच्या तोंडावर? ठिणगी काय पाखरू हाय?"

सगळे हसले. मीही हसलो. परत येताना गाडी घाटात थांबवून थोडा वेळ बसलो, ते काही विशेष नाही, इंजिन तापलं होतं.

पुस्तक चांगलं आहे. चित्रं तुझी लहानपणापासूनच चांगली.

बाबा

•

शहापूर, ११ फेब्रुवारी

भूमी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. इंजिन तापलं नव्हतं.

ती पोरगी डोक्यातून जात नाही. मोटार खोलून बसलो की तिचाच आवाज. दुकानातला पंखा फिरताना करकरतो, तो तर मी मुद्दाम काढून ठेवला. झोळीच्या दोरीसारखा करकरायचा. पोऱ्या म्हणतो, शेठ, उन्हाळा तोंडावर आला आणि पंखा का काढला? काय सांगू त्याला.

आपण त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही. आता मी लिहितो. चुकलं तर खोड.

तू सात वर्षांची. दुपार कलली होती. राब मी रचला होता, आणि तू आठवडाभर मागे लागली होतीस, बाबा काडी मी लावणार. मी तुला उगवतीच्या टोकाला उभी केली, हात धरून काडी ओढायला शिकवली. राब पेटला. तू टाळ्या वाजवल्यास. आपण दोघं धूर बघत होतो. मग पाठीमागे मोरी हंबरली आणि तुझ्या आयची किंकाळी आली. वळलो तर उडवी पेटलेली, उडवीला लागून गोठा, गोठ्यात झोळी, झोळीत ओमकार.

इतकंच. पुढचं तुलाही माहीत आहे. तुझं शेवटचं पान रिकाम्या झोळीचंच आहे, आणि त्यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. सरिताताई पोरांना सांगतात, बाळाला आयनं आधीच उचललं. काजल म्हणते, "मंग आयच्या काखंत कुठं हाय?"

पंचनाम्यात 'राबाच्या ठिणगीने' असं लागलं. मी मान हलवली. तुझी आय तुझ्याकडे बघून एकच बोलली, "काडी तू लावलीस." महिनाभरात तुला मावशीकडे पोचवलं, तिथून आश्रमशाळा. माझी आई गेली तेव्हा तू आली होतीस. दिवा लावायला कुणीतरी तुझ्या हातात काड्यापेटी दिली. तू ती खाली ठेवलीस, चपला घातल्यास आणि न जेवता गेलीस. ती गेलीसच. त्या दिवशी मला कळलं, तू एवढी मोठी झालीस आणि अजून काडी ओढत नाहीस.

माझ्याकडे लोक जळालेली मोटार आणतात आणि कारणही सोबत घेऊनच येतात. "व्होल्टेज वाढलं, म्हणून जळली." मी हो म्हणतो. चहा पाजतो. मग उघडून बघतो. दहातल्या आठांत व्होल्टेजचा काही संबंध नसतो. ते फक्त शेवटी दिसलेलं असतं. जन्मभर परक्यांच्या मोटारी उघडल्या. ही एक तशीच बांधून ठेवली.

म्हणून रविवारी खर्डीला उतरून गावी गेलो. आपलं शेत आता कोंडूकाका करतो. तो राब रचत होता. मला बघून म्हणाला, "ये दादा, पँट सांभाळ, शेण हाय. शेठलोकांना वास सोसतो का?"

मी म्हटलं, "गप रे. मला एक सांग. राब पेटवतोस कुठनं?"

"याड लागलं काय तुला? वारा जातो त्या टोकाला काडी लावायची. आग वाऱ्याच्या उलट सरकत येते, हळू. मगच माती भाजते. वाऱ्याच्या तोंडाला लावली तर भर्रकन वरच्या वर जळून जाईल, खाली कच्चं. आबानंच तर शिकवलंय आपल्याला."

"आन वारा?"

"उन्हाळ्यात दुपारचा वारा मावळतीचाच. आपल्या जन्मात कधी बदलला नाय." मग तो माझ्याकडे बघायला लागला. हातातला पाला त्याने खाली ठेवला. "दादा, काय इचारतोस तू?"

उडवीच्या जागी आता निवडुंग आहे. मी तिथे उभा राहिलो, तोंड राबाकडे करून. वारा माझ्या पाठीवर होता.

भूमी, माझा माझ्यावर विश्वास नाही. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, जागा आठवण्यात माझी गल्लत होऊ शकते. पण पुस्तक तू काढलंस. तुला काय आठवतं?

बाबा

•

शहापूर, १६ मार्च

भूमी,

तुझा लिफाफा आला. मी दुकानात गिऱ्हाइकासमोरच फोडला. आत वहीचं एक पान, पेन्सिलीने काढलेलं आपलं खळं, वरून बघितल्यासारखं. राब, राबाच्या टोकाला दोन माणसं, एक मोठं, एक छोटं. धुराच्या रेघा डोंगराकडे. गोठा काढलाय, गोठ्याच्या बाजूला जागा मोकळी, आणि खाली एवढंच: 'बाबा, उडवी कुठे होती?'

इतक्या वर्षांनी तू मला बाबा लिहिलंस. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, काय झालं?" म्हटलं, "डोळ्यात वार्निश गेलं."

उडवी गोठ्याच्या मागे, मावळतीला होती. वाऱ्याच्या तोंडाला. तू पुस्तकात काढलीस तिथेच. काजल म्हणते तेच खरं. तुझ्या काडीची ठिणगी तिथे जाऊच शकत नव्हती, भूमी. ती डोंगराकडे गेली असती. आपण दोघं तिकडेच तर बघत होतो.

इथे थांबलो असतो तर पत्र आनंदाचं झालं असतं. पण तू पुढचं पान मागशील. मग उडवी कशाने पेटली?

तुझं पुस्तक मी दुकानात लपवून ठेवलं होतं. लिफाफा आला त्या दिवशी घरी नेलं. दुपारी जेवणं झाली, तुझी आय सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सरिताताई वाचतात तसं मोठ्याने वाचायला लागलो. "मुलीनं काडी लावली. म्हणून?"

"आता ह्ये काय नवीन?" ती म्हणाली. पण मान वर झाली. तिला वाचता येत नाही, चित्रं तर दिसतात. मोरी दिसली, झोळी दिसली. सूप खाली राहिलं.

धुराचं पान आलं. त्या पानावर मी इतक्या वेळा धूर बघितला होता की दुसरं काही बघितलंच नव्हतं. तिने बोट ठेवलं ते धुरावर नाही. पार मागे, कोपऱ्यात, उडवीच्या आडून एक बाई येतेय. नखाएवढी.

"ही कोण?"

"तूच असशील."

"हातात काय हाय तिच्या?"

"घमेलं दिसतंय."

"मोकळं हाय का भरलेलं?"

मी चष्मा लावला. "मोकळं."

ती उठली आणि आत गेली. तांदूळ तसेच.

दुसऱ्या दिवशी मी जागा झालो ते काही ऐकू आलं नाही म्हणून. ऊन अंथरुणावर आलेलं. चर्र झालंच नव्हतं. मागे गेलो तर ती बंबापुढे बसलेली. राख ओढलेली, तांब्या भरलेला, आणि ती राखेवर तळहात धरून बसलेली. शेकत बसावं तशी.

"बघते, वरून गार दिसती," ती म्हणाली. "आत हात घातल्याबगर कळत नाय."

मी खाली बसलो.

"तिला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"भूमीला. तिनं मला काडलंय बघा. उडवीच्या मागनं येताना. घमेलं मोकळं."

मग तिने सांगितलं. मी तिच्याच शब्दांत लिहितो, माझं काही घालत नाही.

"चुलीची राख व्हती. रोज उकिरड्यावर नेयाची, पार बांधाच्या खाली. त्या दिशी ओमू नुकताच निजला व्हता, म्हणून लांब जाया नको म्हटलं. उडवीच्या मागं वतली. वरून गार व्हती. तुमी दोघं तिकडं हसत व्हता. मी वाळत घातलेल्या कपड्यांकडं गेले. मग मोरी वरडली."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"नाय. आयच्यान नाय. मलाबी वाटलं राबाचीच ठिणगी. तुमी तिला मावशीकडं पोचवाया गेलात ना, त्या दिशी मी ती जागा झाडाया घेतली. सगळी उडवी वरून जळालेली, आन तितं बुडातनं. माती लाल झालेली. मी राख वतली तितंच."

"आणि बोलली नाहीस."

"काय बोलू? लेक तर गेली व्हती. पोरगा गेलेला. बोलले आसते तर तुमीबी गेला आसतात." मग राख हाताने सारखी करत, "आन ती आली की तिच्या तोंडाकडं बघवंना मला. तुमाला वाटायचं मी तिचा राग करते."

मी तिच्यावर ओरडणार होतो. लग्न झाल्यापासून कधी ओरडलो नाही, त्या सगळ्याचं त्या दिवशी ओरडणार होतो. तोंड उघडलं. बंबात पाणी उकळत होतं, तेवढंच ऐकू आलं.

भूमी, मी कानाचा माणूस. पाच घरं पलीकडे पंप बिघडला तर मला इथे कळतं. आणि वीस वर्षं रोज सकाळी माझ्या उशाशी ते चर्र होत होतं. राखेचा चिखल होईस्तोवर ती पाणी ओतायची. लग्नानंतरची पहिली वर्षं ती असं कधी करत नव्हती. मी एकदाही विचारलं नाही, हे कशाने.

तुझं पेन्सिलचं चित्र मी तिला दाखवलं. म्हटलं, "भूमीला काही ठाऊक नाही. ठाऊक असतं तर उडवी कुठे होती हे तिनं विचारलं नसतं. तिला तू नुसती दिसलीस, म्हणून तिनं तुला काढलं."

तिने चित्रातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "म्हंजे मी आपणहून बोलले," ती म्हणाली. आणि मग, "बरं झालं."

तिला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मला सांगायचा अधिकार नाही, आणि मला स्वतःला अजून जमलेलं नाही. मी तिच्या हातचा चहा घेतो, एवढंच सध्या जमतं.

बाबा

•

मुक्काम गाव, २० एप्रिल

भूमी,

हे पत्र मी लिहितोय, पण बोलतेय तुझी आय. तिनेच म्हटलं, मला शेतावर घेऊन चला. तुला मावशीकडे पोचवलं त्या दिवसानंतर तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. गावी आलो तरी ओसरीवरूनच परतायची. आज चालत आली. निवडुंगाजवळ उभी राहिली. कोंडूने राब पेटवला आणि धूर डोंगराकडे गेला. तिने तो दिसेनासा होईपर्यंत बघितला. मग बांधावर बसली आणि म्हणाली, "कागद काडा."

पुढचं तिचं.

भूमे, तुला काय म्हणून हाक मारू ते मला कळत नाय. मी तुजी आय.

तुज्या बाबानं तुला सगळं लिवलंय म्हणतात. मी पुना सांगत नाय. मी तुला जे बोलले व्हते, काडी तू लावलीस, ते खोटं नव्हतं. काडी तूच लावलीस. पण त्या काडीला पुढचं मी खोटं लावलं. ते मी आता काडते.

तू काडी लावलीस म्हणून राब भाजला. चांगला भाजला व्हता, पार खालपर्यंत. आमाला दोघांना शुद्ध नव्हती, पेरलं ते कोंडूभावजींनी. पावसाळ्यात मी एकदा घराच्या दारातनं बघितलं, आख्खं शेत उजाड आन तेवढाच तुकडा हिरवागार. तण नावाला नाय. मला त्या हिरव्याचा राग आला व्हता. ते रोप लावलं, म्हणून त्या साली भात झाला. आमी तो खाल्ला. तू नव्हतीस खायाला. मी तुला घालवली व्हती.

(इथे ती थांबली. कोंडू म्हणाला, "वैनी, बियाण्याचं सांग." तिला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. कोंडूने सांगितलं.)

भावजी म्हणतात, त्या भातातलंच बियाणं त्यांनी धरलं. तीच झिनी, भाताची जुनी जात. दरसाल त्यातलंच धरतात, दुसरं आणत नायत. म्हंजे अजून तेच चाललंय. मला आजच कळलं.

या म्हणून बोलवायला मला तोंड नाय. तुज्या घरी तांदूळ धाडते. याच शेतातले, त्याच बियाण्याचे. बाबा पोस्टात देतील. खडं मी निवडलेत, पण माजी नजर आता गेली, शिजवायच्या आधी एकदा तूबी बघून घे.